गाडीच्या ए.सी.तून वास येतो? अत्तर लावू नका, कारण शोधा!

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची चूल आज चारचाकी गाडीवर पेटते. कुणी टॅक्सी चालवतो, कुणी कंपनीची माणसे ने-आण करतो, कुणी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो, तर कुणी दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर आहे. काहींनी पै-पै जमवून, हप्त्यावर का होईना, घरासाठी एखादी जुनी गाडी घेतली आहे. गाडी घेताना आपण इंजिन पाहतो, टायर पाहतो, कागदपत्रे पाहतो. पण ए.सी. चालू करताच जाळीतून नाकात शिरणारा कुबट वास मात्र आपण चालवून घेतो. फार झाले तर डॅशबोर्डवर सुगंधाची बाटली चिकटवतो आणि काम भागले असे समजतो.

पूर्वी हा प्रश्न फारसा नव्हता. मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींपैकी बहुतेकींना ए.सी.च नव्हता. काचा खाली केल्या की वारा यायचा आणि वास निघून जायचा. आताच्या गाड्या बंद काचांच्या आहेत. पॅसेंजर बसता बसताच ‘ए.सी. लावा’ म्हणतो आणि उतरल्यावर मोबाइलवर ड्रायव्हरला गुण देतो. वास आला की गुण कमी होतात आणि त्याचा परिणाम रोजीवर होतो. पण आम्हांस याहूनही मोठी काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. जाळीतून येणारा प्रत्येक वास हा नुसता त्रास नसतो, काही वास ही धोक्याची सूचना असते. ती ओळखता आली नाही तर पैशाबरोबर जीवही जाऊ शकतो. म्हणून हा विषय घरातील सर्वांनी, गाडी चालवणाऱ्यांनी आणि त्यांची वाट पाहणाऱ्यांनीही, नीट समजून घ्यावा.

हवा येते कुठून?

प्रथम हवेचा रस्ता समजून घेऊ. पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या बुडाशी, एक जाळी असते. बाहेरची हवा तेथून आत येते. मग ब्लोअर, म्हणजे पंखा, ती ओढतो. बहुतेक नव्या गाड्यांत तेथे एक कागदी गाळणी असते, तिला केबिन फिल्टर म्हणतात. त्यानंतर हवा कूलिंग कॉइलमधून जाते, गार होते आणि डॅशबोर्डच्या जाळीतून आपल्या तोंडावर येते. हिटरची छोटी कॉइलही याच डब्यात असते.

डॅशबोर्डवर गोल फिरणाऱ्या बाणाचे एक बटण असते. ते दाबले की बाहेरची हवा बंद होते आणि आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरते. ही आतली हवा बहुधा डाव्या सीटच्या पुढून, पायांकडच्या भागातून ओढली जाते. म्हणूनच तेथील पायपुसणे ओले असेल, तर त्याचा वास जाळीतून बाहेर पडतो आणि आपण उगाच ए.सी.ला दोष देतो.

वास कधी येतो, ते आधी पाहा

डॉक्टर औषध देण्यापूर्वी ‘ताप कधी चढतो’ असे विचारतो. गाडीचेही तसेच आहे. सकाळी इंजिन थंड असताना काचा बंद करून पुढील तपासणी करावी. मात्र दार उघडताच पेट्रोलचा किंवा गॅसचा वास आला तर चावीला हातही लावू नये. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

पहिल्यांदा इंजिन सुरू न करता फक्त ब्लोअर लावावा आणि बाहेरची हवा घ्यावी. वास आला तर कचरा, फिल्टर किंवा ब्लोअर यांत दोष असण्याची शक्यता अधिक. मग इंजिन चालू करून ए.सी. लावावा. पहिल्या एक-दोन मिनिटांत कुबट वास येऊन नंतर कमी झाला, तर दोष कूलिंग कॉइलचा. वास फक्त बाहेरची हवा घेतानाच येत असेल, तर मूळ बोनेटखाली किंवा काचेखालच्या जाळीत शोधावे. फक्त आतली हवा फिरवताना येत असेल, तर सीट, पायपुसणी आणि डिकी तपासावी. सिग्नलला गाडी उभी असताना वास वाढत असेल, तर इंजिन आणि धुराच्या नळीकडे लक्ष द्यावे.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रोज त्याच गाडीत बसणाऱ्या माणसाचे नाक त्या वासाला सरावते. त्याला काहीच जाणवत नाही. म्हणून ही परीक्षा बायकोकडून, आईकडून किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीकडून करवून घ्यावी. त्यांनी नाक मुरडले तर रागावू नये, त्यांचे नाक खरे बोलते.

कुबट, ओल्या मोज्यासारखा वास

शंभरातील बहुतेक तक्रारी याच वासाच्या. थंड पाण्याचा पेला ठेवला की बाहेरून पाण्याचे थेंब जमतात. तसेच गार कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर हे पाणी भरपूर निघते. त्या पाण्यात रस्त्याची धूळ चिकटते. आपण गाडी बंद करून निघून जातो, आत अंधार, ओल आणि ऊब राहते. बुरशीला आणि जंतूंना आणखी काय हवे? दुसऱ्या दिवशी ए.सी. लावताच त्यांचा वास सर्वांआधी आपल्या नाकात येतो. हा वास दम्याच्या रोग्याला आणि लहान मुलांना अधिक बाधतो, कारण वासाबरोबर बुरशीचे बारीक कणही येतात.

उपाय स्वस्तापासून महागाकडे असे क्रमाने करावेत.

पहिला उपाय पाण्याच्या नळीचा. कॉइलचे पाणी एका छोट्या नळीने गाडीखाली पडते. दमट दिवसांत दहा-पंधरा मिनिटे ए.सी. लावून गाडी उभी ठेवावी आणि खाली पाहावे. स्वच्छ पाण्याचे थेंब पडत असतील तर नळी मोकळी आहे. थेंब पडत नसतील आणि पुढच्या डाव्या बाजूचे पायपुसणे ओले होत असेल, तर नळी तुंबली आहे. ती मेकॅनिककडून साफ करून घ्यावी. टोकदार तार खुपसू नये, आत काय फुटेल ते सांगता येत नाही. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये.

दुसरा उपाय फिल्टरचा. बऱ्याच गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो. कप्पा खाली उतरवला की झाकण दिसते, ते काढले की फिल्टर हाती येतो. काळा, ओला किंवा पानाकचऱ्याने भरलेला असेल तर बदलावा. नुसती हवा मारून धूळ जाते, वास जात नाही. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. नवा बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने आहे ना, ते पाहावे. सर्वसाधारणपणे दहा ते पंधरा हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा तो बदलतात. दिवसभर धुळीत फिरणाऱ्या टॅक्सीला त्याहून लवकर लागतो. हे काम दहा-पंधरा मिनिटांचे आहे आणि घरचा मुलगाही ते शिकू शकतो. काही जुन्या व स्वस्त गाड्यांत फिल्टर नसतोच. तेथे कॉइल लवकर मळते, हे लक्षात असू द्यावे.

तिसरा उपाय कॉइल धुण्याचा. त्यासाठी फेसाचा खास स्प्रे मिळतो. डब्यावरील सूचना वाचून तो वापरावा. फेसाचे पाणी होऊन मळासह नळीवाटे बाहेर पडते. म्हणूनच आधी नळी मोकळी असणे आवश्यक. फिनेल, ॲसिड किंवा कपड्यांचे ब्लीच जाळीत मुळीच ओतू नये. कॉइल ॲल्युमिनियमची असते, ती खराब होते आणि त्यांची वाफ फुप्फुसात जाते. एवढे करूनही वास राहिला, तरच डॅशबोर्ड खोलून कॉइल काढून धुण्याचा विचार करावा. ते मोठे आणि खर्चाचे काम आहे, म्हणून शेवटी.

चौथा उपाय फुकटचा आणि सर्वांत गुणकारी. मुक्कामाला पोहोचण्याआधी चार-पाच मिनिटे ए.सी.चे बटण बंद करावे, पण ब्लोअर चालू ठेवावा आणि बाहेरची हवा घ्यावी. कॉइल सुकते. सुकलेल्या कॉइलवर बुरशी वाढत नाही. टॅक्सीवाल्या बंधूंनी दिवसाचे शेवटचे भाडे उतरवल्यावर घरी येताना हे रोज करावे. सवय झाली की दात घासण्याइतके सोपे आहे.

सडका वास

काही वेळा वास ए.सी.चा नसतोच. काचेखालच्या जाळीत झाडाची पाने साचून कुजतात. तेथे हाताने साफ करावे. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर दर आठवड्याला करावे.

मेलेल्या उंदराचा वास कुणालाही चुकत नाही. कचऱ्याच्या ढिगाजवळ किंवा गटाराशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर ऊब शोधत शिरतो, ब्लोअरच्या डब्यात घरटे करतो, वायरी कुरतडतो आणि कधी तेथेच मरतो. साफ करताना हातमोजे घालावेत, तोंडाला फडके बांधावे. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, हे मुंबईकरांना पावसाळ्यात वेगळे सांगायला नको. हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्यावे. मेलेला उंदीर काढल्यावर फिल्टर नवाच बसवावा. आणि गाडीत डबा खाऊन खरकटे ठेवू नये, नाहीतर दुसरा उंदीर येईल.

गावाहून येताना आणलेली सुकट, सांडलेले दूध, मुलांची ओकारी यांचा वास सीटच्या फोममध्ये मुरतो. ओले पुसून त्यावर खाण्याचा सोडा पसरावा, रात्रभर ठेवून झाडून काढावा. पावसाचे पाणी शिरले असेल तर वरचे पायपुसणे वाळवून भागत नाही. त्याखालचा गालिचा आणि त्याखालचा फोम उचलून उन्हात वाळवावा लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा पुरात बुडालेली गाडी वरून पुसून विकली जाते आणि घेणारा गरीब फसतो. जुनी गाडी घेताना गालिचा उचलून हुंगावा. वास आणि गाळ खोटे बोलत नाहीत.

गोडसर वास

पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येत असेल, पुढच्या काचेवर आतून तेलकट धुके धरत असेल आणि ते पुसूनही जात नसेल, तर हिटरच्या कॉइलमधून कूलंट गळत आहे असे समजावे. बोनेट उघडून कूलंटच्या बाटलीची पातळी पाहावी. ती उतरत असेल तर गाडी वेळीच दाखवावी, अन्यथा इंजिन तापून हजारोंचा फटका बसेल. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळते पाणी तोंडावर उडते. कूलंट हे विष आहे आणि चवीला गोड लागते. ते सरबताच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरून घरात कधीही ठेवू नये. मूल पिऊन बसेल.

पेट्रोल आणि गॅसचा वास

येथे प्रयोग करण्याची वेळ नसते. पेट्रोलचा वास टाकी भरल्यावर थोडा वेळ आला तर समजू शकतो, पण रोज येत असेल तर कुठेतरी नळी किंवा जोड गळत आहे.

आपल्याकडील बहुसंख्य टॅक्सी सी.एन.जी.वर चालतात. या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम कुजक्या वासाचे द्रव्य मिसळलेले असते. म्हणजे हा वास आपल्या रक्षणासाठीच दिलेला आहे. तो आला की गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, सर्वांना उतरवावे, दारे आणि डिकी उघडी ठेवावी. विडी-सिगारेट, काडी काहीही पेटवू नये. सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह सुरक्षितपणे बंद करता आला तर करावा. ‘एवढे भाडे सोडून येतो’ म्हणून गाडी पुन्हा सुरू करू नये. दुरुस्ती अधिकृत केंद्रातच करावी. सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाब असतो. तो रस्त्यावरच्या पान्याचा खेळ नव्हे. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. ती चुकवून वाचवलेले पैसे हे वाचवलेले पैसे नव्हेत.

सडक्या अंड्यासारखा वास बॅटरी अतिचार्ज झाल्यानेही येतो. बॅटरी हाताला गरम लागत असेल तर मेकॅनिकला तेही सांगावे.

जळका वास

प्लास्टिक किंवा वायर जळल्याचा वास आला तर ब्लोअर आणि ए.सी. ताबडतोब बंद करावा, गाडी थांबवावी. ब्लोअर फक्त मोठ्या वेगावरच चालत असेल आणि लहान वेगावर बंद पडला असेल, तर त्याचा रेझिस्टर किंवा जोडणी जळाली असण्याची शक्यता आहे. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा मोठा फ्यूज घालण्याची सवय अनेकांना आहे. ती आगीला आमंत्रण देणारी आहे. बोनेटमधून धूर येत असेल तर बोनेट पूर्ण उघडू नये, हवा मिळून आग भडकते. माणसे आधी लांब न्यावीत.

तेल जळल्याचा वास इंजिनवरच्या पॅकिंगमधून गळून गरम नळीवर पडणाऱ्या थेंबांचा असतो. रबराचा वास घसरणाऱ्या बेल्टचा असतो. कधी रस्त्यावरची प्लास्टिकची पिशवी सायलेन्सरला चिकटून वितळते, तेव्हा घाबरण्याचे कारण नसते. गाडी थंड झाल्यावर ती काढावी.

धूर आणि न येणारा वास

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. प्राणवायूला जागाच उरत नाही. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, झोप येते आणि झोपेतच माणूस जातो. त्याला काही कळतही नाही.

जाळीतून धुराचा वास येत असेल तर समजावे की हा वायूही सोबत येत आहे. धुराच्या नळीचे पॅकिंग गेले असेल, सायलेन्सरला भोक असेल किंवा डिकीच्या दाराचे रबर फाटले असेल. डिकी उघडी ठेवून सामान नेतानाही धूर आत ओढला जातो. हे काम उद्यावर टाकू नये.

विमानतळावर, स्टेशनबाहेर, लग्नाच्या हॉलबाहेर आमचे ड्रायव्हर बंधू रात्र-रात्र थांबतात. डास चावतात, उकडते, म्हणून काचा बंद करून, इंजिन आणि ए.सी. चालू ठेवून सीट मागे करून झोपतात. असे झोपणारे सकाळी उठलेच नाहीत, अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. आमची हात जोडून विनंती आहे, इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघराच्या पार्किंगमध्ये तर मुळीच नाही. झोपायचेच असेल तर इंजिन बंद करा, काचा खाली करा, खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी लावा. बंद गाडीत डासांची अगरबत्तीही पेटवू नका, तिच्या धुरातही हाच वायू असतो. प्रवासात दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली तर ‘गाडी लागली’ असे म्हणून गप्प बसू नये. गाडी थांबवावी, सर्वांनी मोकळ्या हवेत यावे, बरे वाटले नाही तर इस्पितळ गाठावे आणि धुराची शंका डॉक्टरांना स्पष्ट सांगावी. तेथे प्राणवायू देतात.

घरच्या माणसांनीही रात्रपाळीच्या ड्रायव्हरला फोन करताना ‘जेवलास का’ याबरोबर ‘काचा उघड्या आहेत ना’ हेही विचारावे.

गॅरेजमध्ये काय बोलावे?

वासाची तक्रार घेऊन गेलात की काही ठिकाणी लगेच ‘गॅस भरावा लागेल’ असे सांगतात. ए.सी.चा गॅस बंद नळ्यांत फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न काढता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. शिवाय कुबट वासाशी त्याचा संबंध नाही. ए.सी. गार करत असेल तर गॅसचे नाव काढू देऊ नये. ‘आधी नळी पाहा, फिल्टर दाखवा, मग कॉइल’ असे क्रमाने सांगावे. काढलेला जुना भाग पाहायला मागावा, बिल घ्यावे. ज्याला कारण ठाऊक आहे, त्याला फसवणे कठीण जाते.

सुगंधाची बाटली लावू नये असे आम्ही म्हणत नाही. पण ती शेवटी लावावी, गाडी साफ झाल्यावर. अत्तराने वास झाकला तर कुबट वासाबरोबर गॅसचा, वायरचा आणि धुराचा वासही झाकला जातो. नाक हा फुकटचा पहारेकरी आहे. त्याच्या तोंडाला फडके बांधून आपण झोपू नये.

या रविवारी अर्धा तास काढा. गाडीची चारही दारे उघडून ती उन्हात उभी करा, पायपुसणी काढा, काचेखालची जाळी साफ करा, फिल्टर हातात घेऊन पाहा, ए.सी. लावून खाली पाणी पडते का ते बघा. मुलांना सोबत घ्या, त्यांना हवेचा रस्ता दाखवा. ज्यांना आवड दिसेल, त्यांनी आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम असतो तो पाहावा, हे कौशल्य पोट भरणारे आहे. गाडी स्वच्छ राहिली तर भाडे टिकेल, आणि तिच्यातील हवा शुद्ध राहिली तर चालवणारा रोज रात्री सुखरूप घरी येईल.